विषाणू ते कर्करोग : एका बाणाची उलटतपासणी

विज्ञान प्रदर्शनात, दवाखान्याच्या भिंतीवर, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत एक आकृती वारंवार भेटते. डावीकडे काटेरी चेंडूसारखा विषाणू, मध्ये गोल पेशी, उजवीकडे वेडीवाकडी वाढलेली गाठ. तिघांना जोडणारे दोन बाण आणि खाली एक वाक्य : ‘काही विषाणूंमुळे कर्करोग होतो.’

वाक्य खरे आहे. जगात दरवर्षी होणाऱ्या कर्करोगांपैकी साधारण आठातल्या एकामागे कोणता ना कोणता संसर्ग असतो आणि त्यात विषाणूंचा वाटा मोठा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. यकृताच्या कर्करोगाशी कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांच्या विषाणूंचा संबंध आहे. आकृतीतला पहिला बाणही योग्य आहे, कारण विषाणू पेशीत खरोखरच शिरतो. आक्षेप आहे तो दुसऱ्या बाणाला. पेशीपासून गाठीपर्यंत जाणारा हा बाण दोन इंच लांबीचा असतो. प्रत्यक्षात त्या दोन इंचांत दहा-वीस वर्षे आणि पेशीतल्या निरोपांची सारी यंत्रणा दडलेली असते. ती न दाखवल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात तीन चुकीच्या समजुती बसतात : विषाणू कर्करोग सोबत घेऊन येतो, कर्करोग करणे हाच त्याचा उद्देश असतो, आणि लागण झाली की रोग ठरलेला. या तिन्ही समजुती पुराव्यावर घासून पाहू या.

निरोप पोहोचवणारी विकरे

आधी त्या बाणाच्या पोटात काय आहे ते पाहू. शरीरातली पेशी स्वतःच्या मर्जीने विभागत नाही. शेजारच्या पेशींकडून, रक्तातून आलेल्या संप्रेरकांकडून आणि वाढीच्या घटकांकडून तिला निरोप येतात. निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला मिळतो आणि तिथून हातोहात केंद्रकापर्यंत जातो. हे काम करणाऱ्या प्रथिनांपैकी पुष्कळशी विकरे, म्हणजे एन्झाइम्स आहेत.

आपल्या पाठ्यपुस्तकातली विकरे बहुधा पचनाची असतात. लाळेतले अमायलेज पिष्टमय पदार्थाचे तुकडे करते. निरोपाची विकरे वेगळे काम करतात. कायनेज गटातील विकर एटीपीपासून एक फॉस्फेट घेते आणि ते दुसऱ्या प्रथिनावर बसवते. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो बसताच त्या प्रथिनाची घडी बदलते, झाकलेली जागा उघडते किंवा उघडी जागा झाकली जाते. फॉस्फटेज गटातील विकर तेच फॉस्फेट काढून घेते. चढवणे आणि उतरवणे एवढ्या साध्या क्रियेतून पेशीला ‘विभाग’, ‘थांब’, ‘मर’ असे हुकूम मिळतात. माणसाच्या जनुकसंचात कायनेजांची पाचशेहून अधिक जनुके आहेत.

ही यंत्रणा मानवाला समजली ती मोठ्या प्रमाणात विषाणूंमुळेच. तो इतिहास पहिल्या समजुतीची परीक्षा घ्यायला पुरेसा आहे.

पहिली समजूत : विषाणू कर्करोग घेऊन येतो

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी १९११ साली कोंबडीच्या छातीतल्या गाठीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गाठ वाटून, पेशी आणि जीवाणू अडतील अशा गाळणीतून त्यांनी तो रस गाळला आणि निरोगी कोंबडीला टोचला. तिलाही गाठ झाली. गाळणीतून आरपार गेलेला तो घटक म्हणजे विषाणू होता. या कामासाठी राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी.

पुढे या विषाणूत ‘सार्क’ नावाचे जनुक सापडले. स्टीव्हन मार्टिन यांनी १९७० साली या विषाणूचा एक तापमानसंवेदी प्रकार वेगळा केला. कमी तापमानात त्याची लागण झालेल्या पेशी कर्करोगी रूप घेत. तापमान वाढवले की विषाणूची वाढ नीट चालू राही, पण पेशी पुन्हा साध्या दिसू लागत. याचा अर्थ असा, की विषाणूची पैदास आणि पेशीचे बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्क नसले तरी विषाणूचे काही अडत नाही.

मग हे जनुक विषाणूकडे आले कोठून? १९७६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे डॉमिनिक स्तेलां, हॅरोल्ड व्हार्मस, मायकेल बिशप आणि पीटर व्होग्ट यांनी उत्तर दिले. विषाणू कधी न शिरलेल्या निरोगी कोंबडीच्या डीएनएतही सार्क होते. इतर पक्ष्यांतही होते. विषाणूने ते पेशीतूनच उचलले होते. बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळाले. १९७८ साली मार्क कॉलेट आणि रेमंड एरिक्सन यांनी दाखवले, की सार्कचे प्रथिन हे एक कायनेज आहे. १९७९ साली टोनी हंटर यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पॉलिओमा विषाणूवर काम करताना टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसते हे प्रथम दिसले. लवकरच सार्कही तेच करते असे कळले. त्यात योगायोगाचा भाग होता. हंटर यांनी वापरलेले द्रावण जुने झाले होते आणि त्याची आम्लता थोडी वाढली होती. त्यामुळेच एरवी एकमेकांत मिसळणारे दोन ठिपके वेगळे पडले. ताजे द्रावण बनवून प्रयोग केला असता तर ती जागा कदाचित तेव्हा दिसलीच नसती.

आता प्रश्न पडतो : सार्क निरोगी पेशीत असतेच, तर तिथे कर्करोग का होत नाही? उत्तर त्या विकराच्या शेपटीत आहे. पेशीतल्या सार्कच्या शेपटाकडे एक टायरोसिन आहे. दुसरे एक कायनेज त्यावर फॉस्फेट बसवते. फॉस्फेट लागलेली शेपटी वळून त्याच प्रथिनाच्या एका खाचेत अडकते आणि विकर मिटून बसते. निरोप आला की ते उघडते, काम करते, पुन्हा मिटते. विषाणूने जनुक उचलताना शेवटची १९ अमिनो आम्ले गळाली आणि त्या जागी वेगळीच १२ लागली. मिटण्याची कडीच गेली. विकर तेच, पण आता कायमचे उघडे.

म्हणजे कर्करोगाचे सामान बाहेरून आले नाही. ते पेशीचेच होते, फक्त त्याचे मिटणे हरवले. पॉलिओमा विषाणूच्या बाबतीत तर हे अधिकच ठळक आहे. त्याच्या ‘मिडल टी’ या प्रथिनात विकराचा गुण मुळीच नाही. ते पेशीच्या पटलाजवळ बसते आणि पेशीतल्या सार्कला धरून उघडे ठेवते (हे १९८३ साली दिसले), पीआय-३ कायनेज नावाच्या आणखी एका विकराला जवळ ओढते, शिवाय पीपी-२ए या फॉस्फटेजचीही दिशा बदलते. सारी विकरे यजमानाची. पाहुण्याने फक्त त्यांची जागा आणि वेळ बिघडवली. आकृतीतला बाण जणू विषाणूतून काहीतरी पेशीत ओतले जाते असे सुचवतो, आणि नेमकी ही गोष्ट त्यात दिसत नाही.

दुसरी समजूत : कर्करोग करणे हा विषाणूचा उद्देश

शत्रू, हल्ला, कब्जा हे शब्द वाचकाला धरून ठेवतात. म्हणून लेखक ते वापरतात. पण उद्देश चिकटवला की कारण शोधण्याचे काम थांबते. एचपीव्हीचेच पाहा.

या विषाणूचा डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा आहे. डीएनएची प्रत काढणारे पॉलिमरेज विकर त्याच्याकडे नाही. ते पेशीकडून घ्यावे लागते. अडचण अशी, की गर्भाशयमुखाच्या अस्तरात वरच्या थरांकडे सरकणाऱ्या पेशींनी विभाजन थांबवलेले असते. प्रत काढण्याचे कारखाने तिथे बंद असतात. विषाणूला ते पुन्हा चालू करून घ्यावे लागतात.

निरोगी पेशीत हा कारखाना ‘आरबी’ नावाच्या प्रथिनाने बंद ठेवलेला असतो. वाढीचा निरोप आला की सीडीके-४ आणि सीडीके-६ ही कायनेजे आरबीवर फॉस्फेट बसवतात, आरबी बाजूला होते आणि विभाजनाची तयारी सुरू होते. एचपीव्हीचे ‘ई-७’ हे प्रथिन कायनेजांची वाटच पाहत नाही. ते आरबीला थेट धरते आणि त्याचा नाश घडवून आणते. अवेळी विभाजन सुरू झाले की एरवी ‘पी-५३’ हे प्रथिन पेशीला थांबवते किंवा मरायला लावते. म्हणून विषाणूचे ‘ई-६’ हे दुसरे प्रथिन पेशीतलेच एक विकर हाताशी धरते. हे विकर नको असलेल्या प्रथिनांवर ‘नष्ट करा’ अशी खूण लावणारे असते. ई-६ त्याच्याकडून पी-५३वर तशी खूण लावून घेते आणि पेशीचे कचरा हटवणारे यंत्र पी-५३ला संपवते.

या सगळ्यात विषाणूचे प्रयोजन एकच आहे : स्वतःच्या प्रती काढणे. बहुतेक वेळा तेवढेच होते आणि शरीराची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत त्याला हटवते. कर्करोग होतो तो हा क्रम मोडल्यावर. अनेकदा विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकतो, ई-६ आणि ई-७ वर लगाम ठेवणारे विषाणूचे स्वतःचे ‘ई-२’ जनुक निकामी होते आणि ती दोन प्रथिने बेसुमार बनू लागतात. अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. विषाणूच्या दृष्टीने ती वाट बंद गल्लीत संपते. ज्या घटनेने विषाणूचा वंशच खुंटतो, तिला त्याचा उद्देश म्हणणे चूक आहे.

मोटारीची उपमा कुठवर चालते?

कर्करोगावरील लोकप्रिय लेखनात आणखी एक उपमा रुळली आहे : अडकलेला ॲक्सिलरेटर आणि निकामी ब्रेक. सार्कसारखे जनुक म्हणजे अडकलेला ॲक्सिलरेटर, आरबी आणि पी-५३ म्हणजे निकामी ब्रेक. वर्गात मलाही ती सोयीची वाटते, आणि नववी-दहावीसाठी ती वाईट नाही. पण ती कुठे तुटते हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे.

पेशीत ‘पी-१६’ नावाचे एक प्रथिन आहे. ते सीडीके-४ आणि ६ यांना रोखते. म्हणजे ते ब्रेक आहे. एचपीव्हीमुळे झालेल्या गाठीत ते किती असावे? उपमेप्रमाणे कमी असायला हवे. प्रत्यक्षात ते भरपूर असते. इतके, की गाठीमागे एचपीव्ही आहे का याची खूण म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पी-१६चा रंग पाहिला जातो. ब्रेक पूर्ण दाबलेला आहे आणि गाडी तरी पळते आहे! कारण सरळ आहे. पी-१६ कायनेजांना रोखते, कायनेजे आरबीला हाताळतात, आणि इथे आरबीच उरलेले नाही. उलट आरबी गेल्यामुळेच पी-१६ वाढते.

कोणी म्हणेल, ब्रेकची तार तुटली असे म्हणा. जरूर म्हणावे. पण मग तार कोठे तुटली हे सांगावे लागते, आणि तिथेच उपमा संपून जीवशास्त्र सुरू होते. सीडीके-४ आणि ६ यांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या काही कर्करोगांसाठी मान्य झाले. ते जे काम करते तेच पी-१६ करते. ज्या पेशीत आरबी नाही तिथे ते देऊन उपयोग नाही. ‘ब्रेक खराब आहे, ब्रेकचे औषध द्या’ असे म्हणून हे कळत नाही. निरोपाची साखळी कडीकडीने माहीत असावी लागते.

उपमेचा दुसरा दोष म्हणजे ती एकाच पेडलची आशा लावते. याला बळ मिळाले ते एका खऱ्या यशामुळे. ‘एबल’ हे कायनेज उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एबलसन विषाणूमुळे उजेडात आले. माणसाच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हेच जनुक, विषाणूशिवाय, गुणसूत्रांची तोडजोड होऊन बिघडलेले सापडले. त्या विकराला रोखणारे इमॅटिनिब २००१ साली आले आणि रुग्णांचे आयुष्य बदलले. भारतात याच औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, तेही अनेकांना आठवत असेल. पण त्या रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत एकच विकर साऱ्या बिघाडाचा कणा असते. बहुतेक घट्ट गाठींत एक कायनेज रोखले की निरोप दुसऱ्या वाटेने जातो. ‘एक विकर, एक गोळी’ अशी मथळ्यांची भाषा या फरकावर पांघरूण घालते.

तिसरी समजूत : लागण झाली की रोग ठरलेला

विषाणू एकटा पुरत नाही, हे मराठी वाचकाने दूरदेशीच्या प्रयोगांतूनच शिकावे असे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात हाच प्रश्न हाताळला. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगात आईच्या दुधातून पिलांकडे जाणारा घटक असतो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. पुढे तो विषाणू ठरला. रणदिवे यांचा भर होता तो विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या परस्परसंबंधावर. त्या काळी निरोपाच्या विकरांची नावेही माहीत नव्हती. तरी ‘एकच कारण’ मांडणारी सोपी आकृती त्यांच्या कामात बसत नाही. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

ज्या गाय यांच्याकडे त्या शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता, ‘हेला’ पेशी वाढवल्या गेल्या. त्या आजही जगभर वाढतात. जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ साली एचपीव्ही-१६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींत शोधले (नोबेल २००८), तेव्हा हेला पेशींतही एचपीव्ही-१८ सापडला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या पेशींत ई-२ जनुक परत घातले. ई-६ आणि ई-७ बंद पडली आणि जवळजवळ अर्धे शतक न थांबता विभागणाऱ्या पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या दोन प्रथिनांच्या कुबड्या त्यांना लागत होत्याच.

उलट बाजूनेही पुरावा आहे. प्रयोगशाळेत माणसाची साधी पेशी कर्करोगी बनवायला १९९९ साली विल्यम हान, रॉबर्ट वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांना एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनांखेरीज टेलोमरेज विकर आणि सतत चालू असलेले ‘रास’ अशी आणखी जोड द्यावी लागली. विषाणूचे ‘स्मॉल टी’ हे प्रथिन पीपी-२ए फॉस्फटेजला अडवते आणि तेही या मिश्रणात आवश्यक आहे असे नंतर दिसले. म्हणजे फॉस्फेट चढवणारा हात अडकला एवढ्याने भागत नाही; उतरवणारा हातही धरावा लागतो. शरीरात हे सारे एका पेशीत जुळून यायला वर्षे लागतात. बहुतेकींच्या बाबतीत ते कधीच जुळत नाही.

आंजीत या बाणाने काय बिघडते?

हे टिपण मी आंजी (मोठी) येथे लिहीत आहे. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे सामाजिक आरोग्याचे काम या परिसरात बरीच वर्षे चालत आले आहे. केंद्र शासनाच्या २०१६च्या आराखड्याप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी प्राथमिक केंद्राच्या पातळीवर व्हायला हवी. ही तपासणी साधी आहे. पातळ ॲसेटिक आम्ल लावायचे आणि पांढरा होणारा भाग पाहायचा. एचपीव्हीची थेट तपासणी यापेक्षा अधिक नेमकी असते.

समजा, एका बाईची एचपीव्हीची तपासणी होकारार्थी आली. तिच्या डोळ्यासमोर भिंतीवरचे चित्र असेल तर तिला दुसरा बाण दिसेल आणि ती म्हणेल, मला कर्करोग झाला. घरचे म्हणतील, हे आणले कोठून? हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. पण तो अतिशय सर्रास आढळतो, वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, आणि तो केव्हा किंवा कोणाकडून आला हे तपासणी सांगत नाही. पुरुषांनाही तो होतो. घशाच्या काही कर्करोगांमागेही तोच असतो. आकृतीतला सोपा बाण त्या घरात संशय बनून शिरतो आणि पुढच्या वेळी शेजारची बाई तपासणीला येत नाही.

आता आपल्याच राज्यातले आकडे पाहा. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट, चार तऱ्हा : एचपीव्ही तपासणी, पेशींची तपासणी, ॲसेटिक आम्लाची तपासणी आणि नेहमीचीच आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणी झालेल्या स्त्रियांत शंभरात सुमारे दहा जणींना विषाणू आढळला. आणि तपासणी न झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळला तो ३१,४८८ पैकी ११८ जणींत, म्हणजे हजारात चारहून कमी. हजारात शंभर आणि हजारात चार, यांमधले अंतर म्हणजेच तो दुसरा बाण.

याच अभ्यासात, एचपीव्ही तपासणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा झाला. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे नैतिक टीका झाली आणि विद्यार्थ्यांशी बोलताना तीही सांगितली पाहिजे. पण तपासणीला यश येते ते बाण लांब असल्यामुळेच. लागण आणि गाठ यांच्या मध्ये वर्षे नसती तर मध्ये उभे राहायला जागाच नसती.

लशीबद्दलचा गैरसमजही याच बाणातून येतो. ‘विषाणू टोचला तर मुलीला कर्करोग नाही का होणार?’ असा प्रश्न पालक विचारतात. आकृतीत याला उत्तर नाही. विकरांच्या गोष्टीत आहे. पेशीतल्या विकरांना बिघडवतात ती ई-६ आणि ई-७ ही प्रथिने. लशीत असते ती विषाणूच्या ‘एल-१’ या आवरण-प्रथिनाची रिकामी टरफले. आत डीएनए नाही, म्हणून ई-६ नाही आणि ई-७ही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. ती १६ आणि १८ यांसह चार प्रकारांवर आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे केंद्राच्या २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाले. या मुली आपल्या पाचवी ते नववीच्या वर्गात बसतात. आधी झालेली लागण मात्र लस घालवत नाही, म्हणून ती लवकर द्यायची आणि पुढे तपासणीही करायची.

फळ्यावर काय काढावे?

आकृती पुसून टाका असे माझे म्हणणे नाही. तीच आकृती काढा, फक्त दुसरा बाण फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबवा आणि त्यावर चार खुणा करा. पहिली, लागण. दुसरी, विषाणू न हटता टिकून राहणे. तिसरी, ई-६ आणि ई-७ यांनी पेशीच्या विकरांचे व प्रथिनांचे काम बिघडवणे. चौथी, पेशीतले आणखी बिघाड साठत जाणे. पहिल्या खुणेपासून खाली उतरणारे जाड बाण काढा आणि लिहा : ‘बहुतेकींची वाट इथेच संपते.’ मग विद्यार्थ्यांना विचारा : लस कोणत्या खुणेच्या आधी काम करते? तपासणी कोणत्या खुणांच्या मध्ये? सीडीके रोखणारे औषध इथे का चालणार नाही?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. सार्कच्या शेपटीची गोष्ट कागदाच्या पट्टीने दाखवायला सांगा : टोकाला चिकटपट्टीचा तुकडा म्हणजे फॉस्फेट, तो मधल्या खाचेत चिकटला की पट्टी मिटते. मग टोक कातरा आणि पट्टी मिटून दाखवा म्हणावे. मिटत नाही हे हाताला कळले की ‘विषाणूने काय आणले?’ या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतः देतील : काही आणले नाही, मिटण्याची सोय तेवढी कापली.

या सगळ्याला एक तासिका जास्त लागेल. अभ्यासक्रमात तेवढी जागा नसते, ही तक्रार मला मान्य आहे. पण ज्या गावात तपासणीच्या खोलीपर्यंत बाईला आणायला आशाताईंना चार खेपा घालाव्या लागतात, तिथे त्या वर्गातली एखादी मुलगी घरी जाऊन आईला ‘लागण म्हणजे कर्करोग नव्हे, पण तपासून घे’ एवढे नीट सांगू शकली, तर तासिका कारणी लागली असे समजावे.